उंबरठ्यावरचा जकात नाका

बडोदे शहरातून उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशास छाणी जकात नाका लागतो. गुजरात सरकारने 2007 साली महापालिकांची जकात रद्द केली. चौकाचे नाव मात्र लोकांच्या तोंडी कायम राहिले. वेशीत शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूस थांबवून तिचा हिशेब मागणारा असाच एक नाका पूर्वी आपल्या घराच्या उंबरठ्यावरही होता. तो कोणा सरकारने नव्हे, आपणच उठवला, असे आम्हांस वाटते.

नाक्याच्या पलीकडील छाणी गाव आता शहरात सामावले आहे. जैन समाजात त्याची ख्याती 'दीक्षेची खाण' अशी. तेथील कित्येक स्त्रीपुरुषांनी घरदार सोडून साधुत्व पत्करले. सर्वस्वाचा त्याग हे आम्हां संसारी माणसांचे काम नव्हे. परंतु त्याच परंपरेने गृहस्थासाठी परिग्रह-परिमाणाचे व्रत सांगितले आहे. आपल्याजवळ किती बाळगायचे, याची मर्यादा आधीच ठरवून घ्यायची. नेमस्त श्रावक तर रोज सकाळी चौदा नियम धारण करतो. आज पदार्थ किती, वस्त्रे किती, पायताणाचे जोड किती, वाहने किती, हे दिवस उजाडतानाच ठरते. यामागील हेतू आसक्ती कमी करण्याचा आहे, पैसा वाचविण्याचा नव्हे. (त्याच समाजात दीक्षेच्या मिरवणुका मोठ्या थाटाने निघतात, हा विरोधाभास आहेच. असो.)

तरीही बचतीचे खरे मर्म आम्हांस येथेच दिसते. महिन्याचे अंदाजपत्रक रुपये मोजते. हे व्रत वस्तू मोजते. रुपयांच्या हिशेबास हप्त्याने सहज फसविता येते. पन्नास हजारांची वस्तू दरमहा दोन हजारांत 'बसते', आणि अशा चार वस्तू बसल्या की पगार उठून जातो. वस्तूंची संख्या अशी फसत नाही. शिवाय येथे निर्णय होतो तो सकाळी, आपल्या घरात. दुकानदाराच्या समोर नव्हे. आज तर दुकान खिशातल्या फोनमध्येच येऊन बसले असल्याने हा भेद अधिकच मोलाचा ठरतो.

किनारपट्टीच्या वाचकांस हे परके वाटू नये. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करणारी घरे आपल्याकडे आजही आहेत. गोमंतकातील पुरुमेंत म्हणजे तरी काय? सुकी मासळी, सोलां, मिरच्या, मीठ यांची बेगमी मे महिन्यात करायची, ती चार महिन्यांच्या हिशेबाने. अधिक भरले तर ओलीने बुरशी धरते. माटोळीला रानातील फळे आणि वेली बांधून साजरा होणाऱ्या चतुर्थीसाठीही आता नवा सोफा आणि मोठा दूरदर्शन संच लागतो. त्यासाठी कर्ज काढणारी, आणि पुढील चतुर्थीपर्यंत ते फेडीत बसणारी कुटुंबे आम्ही पाहतो. रोजंदारीवर जगणाऱ्याला काटकसरीचा उपदेश करणे ही निव्वळ चेष्टा होय. आमचे बोलणे आहे ते ज्यांच्या कपाटाचे दार आता नीट लागत नाही, त्यांच्याशी.

आणि वाचलेला पैसा ठेवावा कोठे? बडोद्यातच विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी 1889 साली 'अन्योन्य सहायकारी मंडळी' स्थापन केली. सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 सालचा. म्हणजे ही मंडळी त्याहून पंधरा वर्षांनी वडील. मराठी गृहस्थांनी थोड्याशा रुपयांवर आरंभलेल्या या संस्थेची पुढे बँक झाली. शतकाहून अधिक काळ चाललेली ती बँक 2007 साली संकटात सापडली आणि जन्मभर पोटाला चिमटा घेऊन साठविलेल्या ठेवी अडकून पडल्या. तेव्हा ठेवींवरील विम्याचे संरक्षण अवघे एक लाख रुपयांचे होते. 2020 पासून ते एका बँकेत एका ठेवीदारास, व्याज धरून, पाच लाख आहे. त्याहून अधिक रक्कम ज्यांनी एकाच बँकेत ठेवली असेल, त्यांनी आपले पासबुक आजच काढून पाहावे.