चित्राची मांडणी : अजिंठ्याच्या भिंतींकडून शिकण्यासारखे

शाळेत चित्रकलेचा तास असो की जयंतीनिमित्त विहारात भरवलेली स्पर्धा असो, बहुतेक मुलांच्या कागदावर एकच चित्र उतरते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. जळगाव-धुळ्याच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यात असते ती केळीची बाग, बांधावरचा निंब, कापसाने भरलेल्या गाड्या आणि भुसावळचे रेल्वे यार्ड. पण यातले काहीच कागदावर येत नाही. माणसे काढायची वेळ आली की ती एका रांगेत, एकाच उंचीची, आपल्याकडे तोंड करून उभी राहतात. चित्र जमले नाही की मूल म्हणते, "माझ्याकडे चांगले रंग नाहीत." आणि आई-वडिलांना वाटते, हा खर्चाचा नाद आपल्याला परवडायचा नाही.

पालकहो, रंग महाग असतील, पण चित्राचा पाया फुकट आहे. त्या पायाला मांडणी म्हणतात. चित्रात काय घ्यायचे, काय सोडायचे, मुख्य माणूस कोण, तो कुठे उभा राहील, बाकीचे कुठे बघतील आणि मोकळी जागा कुठे ठेवायची, हे रंग हाती घेण्यापूर्वी ठरवणे म्हणजे मांडणी. त्यासाठी पेन्सिलीचा तुकडा आणि जुन्या वहीचे मागचे पान पुरते.

मांडणी शिकण्याची सर्वांत मोठी शाळा आपल्या दाराशी आहे. अजिंठ्याची लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी जळगावहून ती सुमारे 60 किलोमीटरवर आहेत. तेथील 9 व 10 क्रमांकाची लेणी दोन हजार वर्षांहून जुनी. 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांतील प्रसिद्ध चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. त्या चित्रकारांचे रंग कोणते होते? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दगड तेवढा दूर अफगाणिस्तानाकडून येई. भिंतीला काड-भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा देत, त्यावर पातळ पांढरा थर देत आणि मग लाल रेषेने सारे चित्र आखून घेत. रंगकाम त्यानंतर. म्हणजे कोण कुठे बसणार हे रंगाआधीच ठरलेले असे.

17 क्रमांकाच्या लेण्यातील एक चित्र पाहा. भगवान बुद्ध भिक्षापात्र घेऊन आले आहेत आणि समोर यशोधरा व राहुल उभे आहेत. बुद्धांची आकृती प्रचंड मोठी, आई आणि मुलगा त्यांच्यापुढे अगदी लहान. दोघांचीही नजर वर बुद्धांकडे लागलेली आहे. आपण आधी त्या मायलेकरांकडे पाहिले तरी त्यांच्या नजरेच्या वाटेने आपला डोळा आपोआप बुद्धांकडे जातो. कोण मोठा, कोण लहान आणि कोण कुठे पाहतो, एवढ्या तीन गोष्टींनी चित्रकाराने सारे सांगितले.

1 क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्रही असेच अभ्यासावे. हातात कमळ, मान कललेली, डोळे खाली झुकलेले, शरीराला हलकासा बाक. भोवती माणसे, माकडे, मोर, खडक यांची दाटी आहे. तरीही आपली नजर हरवत नाही, कारण बाकी सारे आकाराने लहान ठेवले आहे. गर्दी असूनही गोंधळ नाही, हीच चांगल्या मांडणीची खूण.

आणखी एक गोष्ट विशेष आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर राजे-राण्यांबरोबर दासी, सेवक, वादक, भिक्षेकरीही आहेत. त्यांचे चेहरे आणि हात राजाच्याच काळजीने काढलेले आहेत. मांडणीत कोणाला जागा द्यायची हे चित्रकार ठरवतो. आपल्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे. डोक्यावर पाटी घेतलेली आई, हमाली करणारे वडील, पहाटे रस्ता झाडणारी मावशी यांना आपणच आपल्या चित्रातून वगळले, तर त्यांना जागा कोण देणार?

ही चित्रे पाहून अनेकांनी हात घडवला. मेजर रॉबर्ट गिल याने 1844 नंतर कित्येक वर्षे अजिंठ्यात राहून मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. हा गिल 1879 साली वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. पुढे मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना येथे आणून नकला करवून घेतल्या. नक्कल करताना हात शिकतो, पण त्याहून जास्त डोळा शिकतो.

मांडणीचे दुसरे उदाहरण थेट खानदेशातले. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस यांचे 1989 साली निधन झाले. वर्षानुवर्षे ते घराबाहेर पडले नाहीत, पण टेबलावर साध्या वस्तू रचून त्यांनी काढलेली छायाचित्रे जगभर नावाजली गेली. वस्तू थोडी इकडे, थोडी तिकडे सरकवायची, उजेड कुठून येतो ते पाहायचे आणि मनासारखे जमले की मगच छायाचित्र घ्यायचे. रंगचित्रालाही हीच सवय लावून घ्यावी.

आता हे घरी कसे करावे? समजा विषय आहे आठवडे बाजार. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या स्मरणचित्रात असे विषय येतात. लगेच मोठ्या कागदावर सुरुवात करू नये. आगपेटीएवढ्या तीन-चार चौकटी आखून प्रत्येकीत वेगळी मांडणी करावी. नाक-डोळे काढू नयेत, नुसते ठोकळे काढावेत. एका चौकटीत भरिताच्या वांग्यांचा ढीग पुढे घ्या आणि विकणारी बाई त्यामागे बसवा. दुसऱ्या चौकटीत तीच बाई बाजूला घेऊन गिऱ्हाइकाचा पुढे आलेला हात दाखवा. जमत नसेल तर जुन्या वर्तमानपत्राचे माणसांएवढे तुकडे कापून कागदावर सरकवून पाहा. रबर झिजत नाही आणि कागदही फाटत नाही.

मग काही गोष्टी तपासाव्यात. मुख्य आकृती एकच आहे ना? माणसे एकमेकांच्या थोडी पुढे-मागे, एकमेकांना झाकणारी आहेत ना? झाकल्याशिवाय गर्दी दिसत नाही. जमिनीची रेघ बरोबर मध्ये येऊन चित्राचे दोन तुकडे तर करत नाही? जो जिकडे पाहतो तिकडे थोडी जागा मोकळी आहे का? शेवटी डोळे बारीक करून चित्राकडे पाहावे. गडद आणि फिकट भाग वेगळे दिसले तर मांडणी पक्की. सगळे एकसारखे करडे दिसले तर पुन्हा करावी.

हीच परीक्षा महाडच्या चवदार तळ्याच्या चित्राला लावून पाहा. 20 मार्च 1927 चा तो प्रसंग मुले दरवर्षी काढतात. बहुधा बाबासाहेब मध्यभागी आपल्याकडे पाहत उभे असतात आणि मागे ठिपक्यांसारखी माणसे असतात. मग पाणी कोण पितो आहे? बाबासाहेबांना तळ्याच्या पायरीवर एका बाजूला वाकलेले दाखवावे. त्यांची पाण्याने भरलेली ओंजळ हा चित्राचा मुख्य बिंदू करावा. समोर पाणी मोकळे सोडावे. मागून पायऱ्या उतरणाऱ्या माणसांपैकी पुढच्या चार-पाच जणांना तरी चेहरा द्यावा, एखादा म्हातारा, एखादा तरुण, आणि सगळ्यांच्या नजरा त्या ओंजळीकडे वळवाव्यात. रंग कोणतेही असोत, असे चित्र पाहणारा थांबेल.

सुट्टीत मुलांना अजिंठ्याला न्याल तेव्हा सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. मुलांच्या हाती वही आणि पेन्सिल द्या. एका लेण्यात एकच चित्र निवडा आणि त्यातले मोठे ठोकळे तेवढे उतरवायला सांगा. घरी आल्यावर त्याच ठोकळ्यांच्या जागी आपल्या गल्लीतली माणसे बसवायला सांगा.