मार्कोस म्हणजे मरीन कॉर्प्स नव्हे

अमरावती असो की अकोला, पहाटे मैदानावर सोळाशे मीटरचा सराव करणाऱ्या पोरांच्या आणि त्यांच्यासाठी व्हिडिओ बनवणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते: ‘अमेरिकेचे मरीन, तैवानचे मरीन, तसे आपले मार्कोस.’ वऱ्हाडापासून समुद्र लांब, त्यामुळे कुणी हटकतही नाही. पण हे वाक्य साफ चूक आहे. मार्कोस हे 1987 मध्ये उभे राहिलेले नौदलाचे विशेष पथक. मुंबईजवळच्या ‘आयएनएस अभिमन्यू’ तळावर त्याचे मूळ ठाणे आहे. ओलिसांची सुटका, चाचेगिरीविरुद्ध कारवाई, पाण्याखालून घातपात, टेहळणी ही त्याची कामे. मार्च 2024 मध्ये ‘रुएन’ या अपहृत जहाजासाठी कमांडो विमानातून समुद्रात उतरवले गेले, 35 चाचे शरण आले आणि 17 खलाशी सुटले. ही कामे मूठभर माणसांची असतात, आणि काम झाले की पथक माघारी येते. किनारा जिंकून तो आठवडेच्या आठवडे धरून ठेवणे हे त्याचे काम नाही.

मरीन कॉर्प्सचे काम नेमके तेच असते. तैवानचेच उदाहरण घेऊ. त्या बेटाच्या मरीन दलात सुमारे दहा हजार सैनिक, 66 आणि 99 क्रमांकाच्या ब्रिगेड, तोफा आणि पाण्यातून पोहत येऊन वाळूवर चढणारी एएव्ही-7 चिलखती वाहने आहेत. एके काळी चीनच्या मुख्य भूमीवर उतरण्याचा मनसुबा होता. आता भर आहे तो उतरू पाहणाऱ्या शत्रूला रोखण्यावर, म्हणून एक ब्रिगेड दक्षिणेत काओशुंगला आणि दुसरी राजधानी तैपेईच्या वाटेवर आहे. म्हणजे ते पायदळच आहे, फक्त समुद्राशी बांधलेले. भारताकडे असे स्वतंत्र दल नाही. हे काम लष्कराच्या, त्यासाठी खास तयार केलेल्या ब्रिगेडकडे आहे. नौदल त्यांना जहाजातून किनाऱ्यावर पोहोचवते. अंदमान-निकोबारसाठी 2001 पासून तिन्ही दलांची संयुक्त कमांड आहे.

‘दल कुठले का असेना, शूर माणूस कुठेही उतरेल’, हा यावरचा ठरलेला आक्षेप. शौर्याचा प्रश्नच नाही, इतिहास मात्र पाहावा लागतो. डिसेंबर 1961 मध्ये गोवामुक्तीच्या वेळी कारवारसमोरचे अंजदीव बेट ‘त्रिशूल’ आणि ‘म्हैसूर’ या जहाजांवरच्या नौसैनिकांनी घेतले. नौदलाच्या नोंदीप्रमाणे पोर्तुगीजांनी पांढरे निशाण दाखवून नंतर गोळीबार केला. त्यात सात जण हुतात्मा झाले, त्यांचे स्मारक गोव्यात ‘आयएनएस गोमंतक’वर आहे. बेट मिळाले, पण जहाजावरच्या माणसांना पायदळाचे काम करायला लावण्याची किंमत मोजून. दहा वर्षांनी, डिसेंबर 1971 च्या बांगलादेश युद्धात, तिथल्या कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर गुरखा जवान उतरवायचे होते. किनाऱ्याला लावायच्या जहाजाचा तळ सपाट असतो. ते मागे नांगर टाकत वाळूवर चढते, पुढचा दरवाजा खाली पडतो आणि जवान गुडघाभर पाण्यातून पळत सुटतात. मग त्याच नांगराचा दोर ओढून जहाज परत खोल पाण्यात येते. त्या दिवशी आडवी वाळूची पट्टी लागली, जहाज तिच्यावर अडले, आणि पट्टी व किनारा यांच्या मधले पाणी खोल निघाले. सामानासकट उतरलेल्यांपैकी काही बुडाले. शंका असेल त्यांनी व्हाइस अ‍ॅडमिरल हिरानंदानी यांनी लिहिलेला नौदलाचा इतिहास उघडावा. किनाऱ्याचा उतार, भरती-ओहोटी आणि एकत्र सराव यांवाचून शौर्य वाळूपर्यंत पोहोचतच नाही.

‘मग शिवरायांच्या आरमाराचे काय?’ असेही विचारतात. जरूर विचारावे, कारण 1679 मधली खांदेरी माझ्याच बाजूने बोलते. मुंबईच्या तोंडावरचे ते चिमुकले बेट मराठ्यांनी घेतले, इंग्रजांची नाकेबंदी चालू असतानाच तटबंदी उभारली, आणि ते टिकले ते समोरच्या किनाऱ्यावरील थळ गावाच्या बाजूने उथळ पाण्यातून रसद नेणाऱ्या हलक्या होड्यांमुळे. बेटावरचा सैनिक होडीवर जगतो. म्हणूनच ‘भारतानेही मरीन कॉर्प्स काढावे’ हा उत्साह मला अर्धवट वाटतो. आपल्याला नाव कमी पडत नाही, जहाजे कमी पडतात. आपले सर्वांत मोठे उभयचर जहाज ‘जलाश्व’ 1971 मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झालेले. आपण ते 2007 मध्ये घेतले. त्याच्या जोडीला शार्दूल वर्गाची जहाजे आणि कोलकात्यात बांधलेल्या, रणगाडा वाहून नेणाऱ्या आठ छोट्या नौका आहेत. चार मोठ्या जहाजांची निविदा मात्र निघाली, रखडली आणि 2020 मध्ये मागे घेतली गेली. नवे दल कागदावर उभे करून ही उणीव भरत नाही.

उरलेले गैरसमज बहुतेक किरकोळ. दाढी ही मार्कोसची सक्ती नाही, नौदलात परवानगीने कुणालाही ठेवता येते. मार्कोस फक्त पाण्यातच लढतात असेही नाही. मुंबईवरील 26/11 हल्ल्याच्या रात्री एनएसजी कमांडोंच्या आधी ते ताज हॉटेलमध्ये शिरले होते. तलाव-नदीशिवाय पाणी न पाहिलेल्या पोट्ट्याला नौदल घेत नाही, हेही खोटे. पोहणे ओडिशातल्या ‘आयएनएस चिल्का’वर प्रशिक्षणात शिकवतात. आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज थेट भरतीचा: मार्कोसची थेट भरती नसते. आधी नौदलात जावे लागते, तिथल्या सेवेतून स्वेच्छेने नाव द्यावे लागते, आणि त्या चाचण्यांत बहुतेक जण गळतात. तेव्हा ‘थेट मार्कोस भरती’ म्हणून कुणी शुल्क मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.