गल्याथाची उंची किती हात?

दावीद आणि गल्याथ यांची बायबलमधील गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते. एका बाजूला गोफण घेतलेला मेंढपाळ मुलगा, तर दुसऱ्या बाजूला चिलखत घातलेला धिप्पाड पलिष्टी योद्धा. हा योद्धा किती उंच होता? शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात उत्तर आहे. आपल्याकडील मराठी बायबलमध्येही तेच आढळते : सहा हात आणि एक वीत. एक हात म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर आणि वीत म्हणजे अर्धा हात. या हिशेबाने गल्याथ पावणेदहा फूट उंच भरतो.

परंतु याच पुस्तकाच्या काही जुन्या हस्तलिखितांत उंची दिली आहे चार हात आणि एक वीत. म्हणजे पावणेसात फूट, सुमारे दोन मीटर. फरक थोडाथोडका नाही. पूर्ण तीन फुटांचा आहे! मग खरा पाठ कोणता?

येथे एक काळजी घ्यायला हवी. विश्वसनीय नोंद असलेला सर्वांत उंच माणूस रॉबर्ट वॉडलो २७२ सेंटिमीटर उंच होता, तेव्हा सहा हात अशक्यच, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. गल्याथ प्रत्यक्षात किती उंच होता, हा वेगळा प्रश्न. मूळ लेखकाने किती लिहिले होते, हा आपला प्रश्न. अविश्वसनीय वाटणारी गोष्टही लेखकाने लिहिलेली असू शकते.

साक्षीदारांची तपासणी

लेखकाच्या हातची प्रत आज अस्तित्वात नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. छापखाना येईपर्यंत प्रत्येक प्रत हातानेच लिहिली जाई आणि प्रत्येक वेळी काही चुका होत. एकच शब्द दोन ओळींत आला, की नकलकाराची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारी आणि मधला मजकूर गळून जाई. कधी समासातली टीप मजकुरात शिरे, तर कधी नकलकार 'सुधारणा' करी. अशा प्रतींची तुलना करून मूळ पाठाकडे जाण्याच्या शास्त्राला पाठचिकित्सा म्हणतात.

गल्याथाच्या उंचीचे साक्षीदार असे आहेत. पारंपरिक हिब्रू पाठ 'मॅसोरेट' नावाच्या यहुदी विद्वानांनी फार काळजीपूर्वक जतन केला. त्याच्या प्रमुख प्रती इ.स. ९३० आणि १००८ च्या सुमारास लिहिलेल्या आहेत. त्यांत 'सहा' आहे. दुसरा साक्षीदार म्हणजे 'सेप्टुअजिंट' हे ग्रीक भाषांतर. इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रियात त्याला आरंभ झाला. व्हॅटिकन ग्रंथालयातील त्याच्या चौथ्या शतकातील प्रतीत 'चार' आहे, तर पाचव्या शतकातील एका प्रतीत 'सहा' आहे. तिसरा साक्षीदार यहुदी इतिहासकार जोसीफस. त्याने पहिल्या शतकाच्या अखेरीस ही गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली, तीत उंची 'चार हात एक वीत' आहे.

यावर पूर्वी एक आक्षेप घेता येत असे : मूळ हिब्रूत सहाच असेल, ग्रीक भाषांतरकारांनी तो आकडा वाचकांना पटेल इतका खाली आणला असेल. या आक्षेपाला उत्तर द्यायला त्या काळची हिब्रू प्रत हवी होती आणि ती कोणाकडेच नव्हती.

गुहेतला पुरावा

१९४७ साली मृत समुद्राच्या वायव्य किनाऱ्याजवळ कुमरान येथील एका गुहेत जुन्या गुंडाळ्या सापडल्याचे उघड झाले. पुढे आणखी गुहा सापडत गेल्या. १९५२ साली सापडलेल्या चौथ्या गुहेत हजारो तुकडे होते. त्यांत शमुवेलाच्या पुस्तकाची एक हिब्रू गुंडाळी निघाली. अमेरिकन विद्वान फ्रँक मूर क्रॉस यांनी तिचा दीर्घकाळ अभ्यास केला. तिचे संपूर्ण प्रकाशन २००५ साली झाले. अक्षरांच्या वळणावरून ती इ.स.पू. पहिल्या शतकातली ठरते. वळणावरून काळ ठरवण्याची ही रीत कितपत भरवशाची? १९९० च्या दशकात झुरिक आणि टक्सन येथील प्रयोगशाळांत अशा काही गुंडाळ्यांचे रेडिओकार्बन पद्धतीने कालमापन झाले. ते निष्कर्ष अक्षरवळणाच्या अंदाजांशी बहुतांशी जुळले.

या गुंडाळीत उंचीची ओळ तुटक असली तरी आकडा वाचता येतो. तो 'चार' आहे. म्हणजे 'चार' हा ग्रीक भाषांतरकारांनी पदरचा घातलेला आकडा नव्हे; तो हिब्रूतच होता. आक्षेपाला उत्तर मिळाले. पण एवढ्याने 'चार' मूळचा ठरत नाही. जुन्या प्रतीतही चुका असतात.

म्हणून अभ्यासक पुढचा प्रश्न विचारतात : कोणत्या पाठापासून दुसरा पाठ कसा निर्माण झाला असेल? वीरकथा सांगता सांगता शत्रू मोठा होत जातो, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. चाराचे सहा होणे सोपे, सहाचे चार होणे अवघड. शिवाय तीनच ओव्यांनंतर गल्याथाच्या भाल्याचे पाते सहाशे शेकेल वजनाचे असल्याचे सांगितले आहे. तिथला 'सहा' नकलकाराच्या नजरेतून वर सरकला असावा, असेही काहींनी सुचवले आहे. त्यामुळे अनेक अभ्यासक 'चार' अधिक जुना मानतात. 'सहा'च्या बाजूने लिहिणारेही आहेत. काही आधुनिक भाषांतरांनी 'चार' स्वीकारला आहे. पुष्कळांनी 'सहा' ठेवून तळटीप दिली आहे.

आकड्याबरोबर गोष्टीचा अर्थही बदलतो. राजा शौल इतरांपेक्षा खांद्यापासून वर उंच होता, असे याच पुस्तकात आधी आले आहे. गल्याथ पावणेसात फुटांचा असेल, तर त्याला सामोरे जाण्याजोगा माणूस इस्राएलच्या छावणीतच होता, आणि तो पुढे आला नाही. मग ही गोष्ट दाविदाच्या धैर्याइतकीच शौलाच्या कचरण्याचीही ठरते.

बहुमत पुरेसे नाही

परीक्षेत दहा मुलांचे उत्तर बरोबर आले तर आपल्याला काही वाटत नाही. पण दहाजणांनी एकच चमत्कारिक चूक केली, तर ती कोणाची तरी पाहून लिहिली हे आपण लगेच ओळखतो. पाठचिकित्सेचा कणा हाच आहे. समान चुकांवरून प्रतींची घराणी लावता येतात, आणि एकाच प्रतीच्या शंभर नकला झाल्या तरी साक्षीदार एकच राहतो.

ख्रिस्ती ग्रंथातले एक उदाहरण पाहू. मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट बहुसंख्य ग्रीक प्रतींत सोळाव्या अध्यायाच्या विसाव्या ओवीवर होतो. पण चौथ्या शतकातील दोन महत्त्वाच्या प्रती आठव्या ओवीवरच थांबतात : स्त्रिया घाबरून कबरीपासून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. असा तुटक शेवट पाहून कोणी तरी भर घातली असेल हे समजते. चांगला शेवट कोणी काढून टाकील हे पटत नाही. म्हणून बहुतेक अभ्यासक या बारा ओव्या नंतरच्या मानतात. मात्र इ.स. १८० च्या सुमारास आयरेनियसला त्यांतली ओवी माहीत होती, तेव्हा ही भरही फार जुनी आहे.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांच्या हातून महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली. दोन्ही ठिकाणी ग्रंथ आदराचाच होता. त्या आदरापोटीच प्रती तपासल्या गेल्या.

वर्गात करून पाहा

दहा ओळींचा एक उतारा दोन मुलांना द्या. प्रत्येकाने नक्कल करून पुढच्याला द्यावी, अशा दोन साखळ्या चालवा. मूळ उतारा लपवून ठेवा आणि शेवटच्या सहा नकलांवरून मुलांना तो पुन्हा लिहायला सांगा. कोणती चूक कोणत्या साखळीत शिरली ते शोधू द्या. प्रत्येक निर्णयापुढे त्यांनी कारण लिहावे, आणि जेथे ठरवता येत नाही तेथे दोन्ही पाठ ठेवावेत. शेवटी मूळ उतारा काढून ताडून पाहा. शमुवेलाच्या अभ्यासकांना ही शेवटची सोय नाही. म्हणूनच त्यांना कारणे इतकी काटेकोर द्यावी लागतात.