केशकर्तनालयात मूल न्यावे काय?

संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या देवरूखात वर्षातून काही दिवस असे येतात की, केशकर्तनालयांत आणि स्त्रियांच्या पार्लरांत बसावयास जागा उरत नाही. गणेशचतुर्थीच्या आधीचा आठवडा हा त्यांपैकी एक. मुंबईचे चाकरमानी गावी उतरलेले असतात, घरोघर मखराची तयारी चाललेली असते, आणि त्या धांदलीतच प्रत्येकाला केस कापून घ्यावयाचे असतात. मकरसंक्रांतीच्या सुमारास मार्लेश्वराचा साखरप्याच्या गिरिजादेवीशी विवाहसोहळा होतो. त्या यात्रेच्या आधी, शिमग्याला आणि लग्नसराईतही हीच गर्दी. अशा वेळी आईचा पदर किंवा बापाचे बोट धरून आलेले तीन-चार वर्षांचे मूल बाकावर पाय हलवीत बसलेले हमखास दिसते. ते तेथे असावे की नसावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु मुलाची सुरक्षितता, कारागिराची रोजी आणि आईच्या वाट्याला येणारा एखादा मोकळा तास, अशा तीन गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. म्हणून त्याचा थोडा सावकाश विचार करणे योग्य होईल.

दोन-तीन पिढ्यांपूर्वी हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. न्हावी आपली धोकटी घेऊन घरी येत असे. ओटीवर पाट मांडला जाई, तांब्याभर पाणी ठेवले जाई, आणि आजोबांची श्मश्रू चालू असता नातवंडे सभोवार उभी राहून वस्तरा, कातर, नखे काढावयाची नराणी यांचे कौतुक पाहत. कंटाळा आला म्हणजे ती परसात पळून जात. स्त्रियांच्या केसांची निगा तर सर्वस्वी घरातच होई. शिकेकाई आणि रिठे यांनी न्हाणे, उन्हात केस वाळविणे, माजघरात बसून वेणीफणी करणे, यांत बाहेरच्या कोणाचा हात नसे. कारागीर मुलाच्या घरी येत होता, तोवर मुलाला कोठे ठेवावे हा प्रश्न पडत नव्हता. आता मुलाला कारागिराच्या दुकानी जावे लागते. घरेही पूर्वीसारखी भरलेली राहिली नाहीत. देवरूखासारख्या तालुक्याच्या गावी शाळा, बँका, सरकारी कचेऱ्या यांतील नोकरीनिमित्त बदलून आलेली पुष्कळ बिऱ्हाडे असतात. त्यांचे सासर एका जिल्ह्यात, माहेर दुसऱ्या जिल्ह्यात. अनेक घरांतील कर्ता पुरुष मुंबईस असतो. तेव्हा मूल बरोबर आणणारी आई हौसेने आणते असे समजण्याचे कारण नाही. बहुधा तिच्यापुढे दुसरा मार्गच नसतो.

मूल बरोबर नेण्यात काही लाभ आहे काय? आहे, आणि तो मोलाचा आहे. लहान मुलाला केस कापून घेण्याची जी भीती वाटते, ती सकारण असते. अनोळखी माणूस पाठीमागे उभा राहतो, त्यामुळे तो दिसत नाही. गळ्याभोवती कापड आवळले जाते. कानाशी यंत्र घरघरू लागते. बोट कापले असता दुखते हे त्या जिवाला ठाऊक असते. केस कापले असता दुखत नाही हे त्याला कोणी सांगून पटत नाही. ते त्याने पाहावे लागते. बाप खुर्चीत बसला आहे, त्याचे केस खाली पडत आहेत आणि तरीही तो न्हाव्याशी हसून बोलत आहे, हे दृश्य जे काम करते ते समजुतीच्या गोष्टींनी होत नाही. जुन्या चालीरीतींतही ही जाण दिसते. धर्मशास्त्राने चौलसंस्कार पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी सांगितला आहे, आणि जावळ काढतेवेळी मुलास मामाच्या मांडीवर बसविण्याची चाल महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहे. त्यामागील धार्मिक भाग बाजूला ठेवला, तरी ओळखीच्या माणसाची ऊब असली म्हणजे वस्तऱ्याचे भय कमी होते, एवढा व्यवहार त्यात निश्चित आहे.

शिक्षणाच्या दृष्टीनेही या गोष्टीला महत्त्व आहे. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि १९४५ पासून ताराबाईंनी बोर्डीस खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभारले. ज्या माँटेसरी-विचारावर हे कार्य आधारलेले होते, त्यात मुलाला मोठ्यांच्या खऱ्या कामाची ओढ असते, हे मुख्य सूत्र आहे. कातर कशी चालते, कंगवा केस कसे उचलून धरतो, मागचा आरसा पुढच्या आरशात कसा दिसतो, हे पाहण्यात चार वर्षांचे मूल रंगून जाते. मात्र हा रस फार तर वीस-पंचवीस मिनिटे टिकतो. साधे केस कापण्यास तेवढाच वेळ लागतो, म्हणून तेथे मूल शोभते. केस रंगविण्यास दीड-दोन तास आणि ते कायमचे सरळ करून घेण्यास तीन-चार तास लागतात. इतका वेळ मुलाने बाकावर स्वस्थ बसावे ही अपेक्षाच अवाजवी आहे. कंटाळलेले मूल खाली उतरते, आणि धोका तेथून सुरू होतो.

हे धोके कोणते, ते नीट समजून घेतले पाहिजेत. पहिला तापलेल्या उपकरणांचा. केस सरळ करण्याचा किंवा कुरळे करण्याचा विजेचा चिमटा सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, आणि वीज बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो. तो मेजाच्या कडेला ठेवलेला असतो आणि त्याची तार खाली लोंबत असते. रांगत्या मुलाच्या हाताला नेमकी तीच लागते. असा अपघात झाल्यास भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. तूप, हळद, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये, आणि नंतर वैद्यकीय मदत घ्यावी.

दुसरा धोका केसांच्या कलपाचा. काळा रंग देणाऱ्या बहुतेक कलपांत पॅराफेनिलिनडायमिन नावाचे द्रव्य असते. ते पोटात गेल्यास चेहरा, मान आणि घसा सुजून श्वास कोंडू शकतो, आणि पुढे मूत्रपिंडांना इजा होते. भारतात या विषबाधेने मृत्यू ओढवलेले आहेत. वाटीत कालवून ठेवलेला कलप लहान मुलाला एखाद्या खाद्यपदार्थासारखा दिसतो. त्याने तो तोंडात घातल्याची नुसती शंका आली तरी उलटी करविण्याच्या भरीस न पडता, कलपाचे वेष्टन बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. केसांना रंग देताना अमोनियाने केसाचे बाह्य आवरण फुगते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मूळच्या रंगाचा नाश करते. अमोनियाचा उग्र दर्प डोळ्यांना व श्वासनलिकेला झोंबतो. केस सरळ करण्याच्या काही द्रवांत फॉर्मॅल्डिहाइड किंवा तापविल्यावर ते बाहेर टाकणारी द्रव्ये असतात. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत प्राण्यांचे नमुने ज्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवतात, तेच हे पाण्यात विरघळलेले द्रव्य. तापल्या चिमट्याखाली त्याची वाफ खोलीत पसरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मॅल्डिहाइडला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत स्थान दिले. एका भेटीने मुलाला कर्करोग होईल, असा याचा अर्थ नव्हे. तो प्रश्न मुख्यतः वर्षानुवर्षे त्या वाफेत काम करणाऱ्यांचा आहे. परंतु डोळ्यांची आग, खोकला आणि दम्याच्या मुलाला येणारी धाप ही तत्काळ होणारी पीडा आहे. तान्हे मूल मिनिटास तीस ते साठ वेळा श्वास घेते, तर प्रौढ मनुष्य बारा ते वीस वेळा. त्यामुळे वजनाच्या मानाने मुलाच्या शरीरात अशी वाफ अधिक जाते. कोकणात पावसाळ्यात झडीमुळे दारे-खिडक्या लावून घेतलेल्या असतात. गणपतीपूर्वीच्या गर्दीत लहानशा बंद खोलीत एकीचे केस रंगविणे आणि दुसरीचे सरळ करणे एकाच वेळी चालू असेल, तर ती हवा मुलाने घेण्याजोगी राहत नाही. गरोदर स्त्रीनेही अशा ठिकाणी बसू नये हेच बरे.

चौथी बाब स्वच्छतेची, आणि ती मुलाचेच केस कापावयाचे असतील तेव्हा अधिक महत्त्वाची. कावीळ-ब या रोगाचे विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या सूक्ष्म डागातही, सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून मुलाचे जावळ काढताना वस्तऱ्याला नवे पाते आपल्यासमोर लावावयास सांगावे. त्यात न्हाव्याचा अपमान नाही; चांगला कारागीर ते न सांगताच करतो. या रोगावरील लस राष्ट्रीय लसीकरणात जन्मतःच दिली जाते. ती दिली आहे ना, हेही पाहून ठेवावे. कंगव्यातून डोक्याचे गजकर्ण पसरते, तेव्हा मुलाचा कंगवा घरून न्यावा.

येथवर मुलाच्या बाजूने पाहिले. आता कारागिराची बाजू. ज्याच्या हातात कातर किंवा वस्तरा आहे, त्याचे लक्ष गिऱ्हाइकाच्या कानशिलावर असते. पायाशी मूल घुटमळू लागले की ते लक्ष दुभंगते, आणि एका धक्क्याने गिऱ्हाइकाचा कान कापला जाऊ शकतो. गावातील पुष्कळ पार्लरे बाईच्या स्वतःच्या राहत्या घरातील एखाद्या खोलीत असतात. एका हाताने काम आणि दुसऱ्या हाताने परक्याचे मूल, अशी तिची ओढाताण होते. भिडेपोटी ती ‘असू द्या’ म्हणते. पण तिचा मोडलेला वेळ तिच्याच मिळकतीतून जातो. मूल आणावे लागणार असेल तर आदल्या दिवशी तसे कळवावे आणि सकाळची, कमी गर्दीची वेळ मागून घ्यावी, हा साधा शिष्टाचार आहे. रविवार आणि सणाची पूर्वसंध्या टाळावी.

या सर्वांचा विचार करता निर्णय करणे फारसे कठीण राहत नाही. सहा महिन्यांच्या आतील मूल जेथे रंग, वाफ किंवा उग्र दर्प आहे तेथे नेऊ नयेच. रांगते आणि नुकतेच चालू लागलेले मूल सर्वांत धोक्याचे. ते न्यावयाचे तर त्याच्यासाठी दुसरे मोठे माणूस बरोबर हवे. तीन ते सहा वर्षांचे मूल साध्या केस कापण्याच्या वेळी खुशाल न्यावे. घरून खाऊ, चित्रांचे पुस्तक, पाटी-पेन्सिल न्यावी आणि कोठे बसावयाचे ते आधी सांगावे. सहा वर्षांपुढील मूल अर्धा तास शांत बसू शकते, परंतु कलपाच्या किंवा केस सरळ करण्याच्या खोलीत त्यालाही बसवू नये.

आता राहिला सर्वांत नाजूक भाग. बाप केस कापावयास निघतो तेव्हा मूल कोठे राहील, असे त्याला सहसा कोणी विचारीत नाही. आई निघते तेव्हा हा प्रश्न दारातच उभा राहतो. आणि मूल नेले तर ‘पोराला कशाला आणले?’, ठेवले तर ‘पोराला टाकून नटावयास गेली’, असे दोन्ही बोल तिलाच ऐकावे लागतात. वास्तविक हिशेब उलट मांडता येतो. पुरुषाचे काम थोड्या वेळाचे आणि बहुधा उग्र द्रव्यांवाचून होणारे. म्हणून मूल न्यावयास तेच ठिकाण अधिक सोयीचे. बापाने मुलाला आपल्याबरोबर न्यावे, आणि आईच्या वेळी त्याला घरी सांभाळावे. याने मुलाचे भय जाते, आईला एक तास मिळतो आणि पार्लरवालीचे काम सुरळीत होते. ज्या घरी बाप मुंबईस आहे, तेथे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाळीपाळीने मुले सांभाळण्याची वहिवाट घालावी. मातृत्वाचा भार एकट्या स्त्रीवर टाकू नये, ही शिकवण देवरूखास नवी नाही. इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली याच गावी मातृमंदिर ही संस्था प्रसूतिगृहापासून सुरू केली, ती याच जाणिवेतून.

आईने तासभर आपल्याकडे लक्ष देणे ही चैन नव्हे. तो तास तिला निश्चिंतपणे मिळावा, यासाठी मूल कोणाकडे राहील हे घरातील सर्वांनी मिळून आधी ठरवावे. आणि वेळ ठरविताना दुकानात त्या दिवशी कोणते काम चालणार आहे, हेही विचारून घ्यावे.