बाहेरचा मॉनिटर (भाग ६) : हबमध्ये अडकलेले तीस हर्ट्‌झ

या आठवड्यात स्केलिंगवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. नाशिकच्या एका वाचकांच्या पत्राने माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाला हात घातलाय, आणि तो सोडवत नाही.

त्यांनी २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला आणि टाइप-सी हबमधून एचडीएमआय केबलने लॅपटॉपला जोडला. अक्षरं कोरल्यासारखी दिसतात, पण 'माउस जड झाल्यासारखा वाटतो'. दुकानदाराने माउस बदलायला सांगितलं म्हणे.

माउस बदलू नका. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं आत जा आणि रिफ्रेश रेट बघा. बहुधा ३० हर्ट्‌झ दिसेल, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं; हवी असतात ६०. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण तो मुळात सेकंदाला २४ चित्रांचाच असतो. पण माउस गरगर फिरवा. बाण सलग न फिरता उड्या मारत जाईल. खिडकी धरून ओढलीत तर ती हाताच्या मागून येईल.

आता हिशेब करू. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा. हे झाले १२ गिगाबिट. चित्राच्या कडेचा न दिसणारा भाग धरला की १२.८. टाइप-सीचा रस्ता चौपदरी (चार लेनचा) आहे, आणि त्यावरून हबपर्यंत चित्र डिस्प्लेपोर्टच्या पद्धतीने जातं. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने एका लेनमधून ४.३२ गिगाबिट जातात, चारांतून १७.२८. म्हणजे ६० हर्ट्‌झ आरामात. पण हबला यूएसबी ३ ची पोर्टंही चालवायची असतात. त्यासाठी तो दोन लेन काढून घेतो आणि चित्राला उरतात ८.६४. त्यात ३० हर्ट्‌झच मावतात.

२०१४ च्या डिस्प्लेपोर्ट १.३ मध्ये लेनचा वेग ६.४८ झाला, आणि २०१६ च्या १.४ मध्येही तोच आहे. दोन लेनचे १२.९६. लागतात १२.८! इतकं काठोकाठ गणित बघून मला आजही आनंद होतो. मात्र लॅपटॉप आणि हब दोघांनाही १.४ यायला हवं. खोक्यावर नुसतं 'फोर-के' छापलेला हब घेऊ नका, 'फोर-के ६० हर्ट्‌झ' शोधा. तेवढ्यानेही भागत नाही. कुठल्या लॅपटॉपवर ६० मिळतील, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

नाशिककरांनी मात्र आधी स्वस्तातला उपाय करावा. हबमधून चित्र येतंय, म्हणजे त्यांच्या टाइप-सी पोर्टातून चित्र बाहेर पडतं हे नक्की. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल लावावी. चारही लेन चित्राला मिळतील. पेनड्राइव्ह आणि की-बोर्ड लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टात. लॅपटॉप चार्ज व्हायलाही तेच एक टाइप-सी पोर्ट असेल, तर मात्र १.४ वाल्या हबचा खर्च करावा लागेल. त्याआधी लॅपटॉपचं मॉडेल मला कळवा.