दुकानातली पेटी आणि तिची किल्ली

समजा, एका भाऊंचं बी-बियाण्याचं दुकान अमरावतीला आहे. दुसरं दुकान अकोल्याला आहे. मधे बडनेरा लागतं, मूर्तिजापूर लागतं. दोन्ही दुकानांत कॉम्प्युटर आहे. बिलं त्यावरच निघतात. गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देतं.

पेरणीचे दिवस आहेत. अकोल्याच्या दुकानात इंटरनेट एकाएकी बंद पडतं. बिल निघत नाही. दुकानापुढं शेतकरी खोळंबून उभे. मालक अमरावतीला. तिथून माणूस पाठवावा, तर त्याचा अर्धा दिवस वाटेतच जातो.

अशा दुकानांसाठी आता एक पेटी मिळते. पाटीसारखी चपटी असते. राउटर म्हणतात तिला. आपण पेटीच म्हणू या. बाहेरून इंटरनेटची तार येते, ती या पेटीत शिरते. तिथून कॉम्प्युटरला, कॅमेऱ्याला, मोबाइलला वाटे फुटतात. कालव्याचं पाणी बाऱ्यांनी शेतात जातं ना, तसंच. शिवाय कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, हेही पेटीच बघते.

एवढं काम साधी पेटीही करते. या पेटीत विशेष ते काय? हिचा कारभार दुरून बघता येतो. हिला हुकूम 'क्लाउड'वरून मिळतात. क्लाउड म्हणजे ढग.

"ढगात म्हंजे कुठी हो भाऊ? अन् पाऊस आला तं?" असं कोणी विचारील. विचारलंच पाहिजे. ढग हे नुसतं नाव आहे. खरं तर ती मोठाली घरं असतात. आत ओळीनं कॉम्प्युटर मांडलेले असतात. ते रात्रंदिवस चालतात, म्हणून त्यांना गार ठेवावं लागतं. आपल्या नवी मुंबईतही अशी घरं आहेत. पूर्वी वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याला मुंबईचा कापसाचा भाव तारेनं कळायचा. ती तारसेवा २०१३ साली बंद झाली. आता दूरचा हुकूम या वाटेनं येतो.

पेटी बसवायची कशी? आधी मालकानं पेटीच्या कंपनीकडं मोबाइलवरून किंवा कॉम्प्युटरवरून आपलं खातं उघडावं. पेटीच्या बुडाशी एक नंबर छापलेला असतो. तो खात्यात लिहावा. मग पेटी अकोल्याला पाठवावी. तिथल्या पोरानं फक्त विजेची पिन लावायची आणि तार खोचायची. पेटी आपण होऊन कंपनीच्या कॉम्प्युटरला हाक मारते, आपला नंबर सांगते आणि मालकानं लिहून ठेवलेले हुकूम उतरवून घेते. पहिल्या वेळी बराच वेळ लागतो. दिवे लुकलुकतात. पेटी मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होते. पुष्कळ जण इथंच घाबरतात आणि पिन उपटतात. तसं करू नये. निवांत चहा घ्यावा.

वायफायची दोन नावं ठेवावीत. एक दुकानाच्या कामाचं. दुसरं आल्यागेल्या गिऱ्हाइकाचं. म्हणजे पाहुण्याचा मोबाइल आपल्या हिशेबाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. ओसरीवर बसवलेल्या माणसाला आपण माजघरात नेतो का?

आता खरी गोष्ट. खात्याचा पासवर्ड ही पेटीची किल्ली. ती कोणाच्या हातात आहे? पुष्कळदा पेटी बसवणारा पोरगा खातं आपल्याच मोबाइल नंबरावर उघडून देतो. त्याच्या मनात वाईट नसतं. काम लवकर उरकतं, एवढंच. पुढं तो नोकरीसाठी पुण्याला जातो, नंबर बदलतो. पेटी दुकानात आहे, पैसे मालकानं दिलेत, पण तिच्यात एक अक्षर बदलता येत नाही. म्हणून खातं मालकाच्याच नावानं असावं. घरातल्या आणखी एका भरवशाच्या माणसाचं नाव त्यात घालावं. खरेदीचं बिल जपून ठेवावं. मोबाइलवर आलेला आकडा, ज्याला ओटीपी म्हणतात, तो कोणालाही सांगू नये. कंपनीचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. पैशाची फसगत झालीच, तर लगेच १९३० या नंबरावर फोन करावा.

दुसरी अडचण वर्गणीची. यातल्या पुष्कळ पेट्यांना ठरावीक मुदतीची वर्गणी असते. म्हणजे पेटी विकतची, पण किल्ली भाड्याची! मुदत संपली की काही पेट्या थोडे दिवस थांबून इंटरनेटच बंद करतात. काही चालू राहतात, पण दुरून बघता येत नाहीत. घेण्याआधीच दुकानदाराला हे विचारा. मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बँकेचा व्यवहार त्या ढगातून जातो का? बहुतेक पेट्यांत नाही जात. ढगातून येतात ते हुकूम. पैशाचा निरोप इंटरनेटवरून बँकेच्या वाटेनं जातो. ढगाशी संबंध तुटला, तरी पेटी शेवटच्या हुकमावर चालत राहते. पण बाहेरची तारच तुटली, तर पेटी काय करणार? म्हणून मोबाइलचं सिम बसणारी पेटी बरी. वीज जाते तेव्हासाठी इन्व्हर्टर हवाच.

आणि एकच दुकान, एकच कॉम्प्युटर असेल, तर आमच्या मते ही पेटी घेऊच नये. साधा राउटर पुरतो. त्याचा कंपनीनं घातलेला पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदलून घ्या.