दाराची कड

फेलिक्स वांकेल यांच्या इंजिनात वर-खाली होणारा दट्ट्या नाही, झडपाही नाहीत. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर कवचात फिरतो आणि कवचातल्या दारांची उघडझाप तोच करतो. माझदाच्या १९६७च्या कॉस्मो स्पोर्टमध्ये धूर बाहेर सोडणारे दार कवचाच्या घासणाऱ्या भिंतीतच होते. या दाराची कड तुटली तर काय करायचे?

रोटर एकदा फिरतो तेव्हा मधला दांडा तीनदा फिरतो. दांड्याचे मिनिटाला ६००० फेरे धरा. रोटरचे होतील २०००. त्याला टोके तीन. म्हणजे टोकाची पट्टी दाराच्या कडेवरून सेकंदाला १०० वेळा जाते. (वर्गात तोंडी गणित म्हणून जरूर द्यावे.) एवढासा टवकाही पट्टी खराब करायला पुरतो.

मग वेल्डिंगने भरून टाकू, असे वाटेल. पण माझदाच्या नंतरच्या कवचांत बाहेर ॲल्युमिनियम, आत पोलादी पत्रा आणि त्यावर क्रोमियमचा कठीण, ठिसूळ थर असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, क्रोमियम पोलादाहूनही कमी. ही ओढाताण ठिसूळ थराला सोसत नाही. तो तडकतो, पोपडे धरतो. म्हणून दाराच्या आतल्या बोगद्यातला, कडेपासून दूरचा खड्डाच भरावा. कड मात्र बारीक दगडाने हलकेच घासून गुळगुळीत करायची. जास्त घासली तर दार आधी उघडते किंवा उशिरा मिटते. झडप नसल्याने वेळापत्रक कडेवरच ठरते. थरच सुटला असेल तर कवच बदलणे बरे.

२००३च्या आरएक्स-८मध्ये माझदाने हे दार बाजूच्या भिंतीत नेले. टोकाच्या पट्टीची त्याच्याशी गाठच पडत नाही.